मदत हवी आहे: महिनाभर बंद राहिला तरी चालेल असा इंक टँक (टाकीत बाटलीने शाई भरायचा) प्रिंटर कोणता?

सांगलीत, विश्रामबागला राहतो. घरी प्रिंटर घ्यायचाय. मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट, आधार-सातबाऱ्याच्या झेरॉक्स, अधूनमधून फोटो. महिन्याला पन्नासेक पानं, पण मे महिन्यात जवळपास शून्य, आणि खरी गोम तिथेच आहे. जुना कार्ट्रिजवाला इंकजेट सुट्टीनंतर चालू केला की काळ्या अक्षरांत पांढऱ्या रेघा. हेड (कागदावर शाई फवारणारा भाग) क्लीनिंग मारलं, कोमट पाण्याच्या ओल्या कापडावर नोझल टेकवून ठेवलं, रिफिलही केलं. चार पानं बरी येतात, परत तेच. नव्या कार्ट्रिजच्या जोडीची किंमत ऐकून नादच सोडला.

लेझरचा टोनर वाळत नाही हे माहीत आहे, पण रंगीत लेझर बजेटबाहेर, आणि फोटो काही खास येत नाहीत त्यावर. म्हणून इंक टँककडे कल आहे. एप्सनचं हेड मशीनमध्येच पक्कं बसवलेलं, कॅननच्या जी सिरीजचं घरीच काढून बदलता येतं, इथेच अडलोय. बजेट पंधरा हजार, स्कॅनर आणि वायफाय हवंच.

सांगली-मिरजेत ज्यांनी दोन-तीन वर्षं वापरलाय त्यांनी सांगा: महिनाभर बंद राहिल्यावर या दोघांत कुणाचं हेड कमी चोक होतं, आणि कॅननचं सुटं हेड इथल्या दुकानांत मिळतं का, की ऑनलाइनच मागवावं लागतं?