एकच रेसिपी, चार एचिंग चेंबर: न जुळणारे चेंबर डेटावरून कसे ओळखावे?

प्रश्न:
आमच्याकडे चिपनिर्मितीत प्लाझ्मा एचिंगच्या (विद्युतभारित वायूने थर कोरण्याच्या) चार चेंबरमध्ये एकच रेसिपी (दाब, वायू, पॉवर यांची ठरवलेली मांडणी) चालते. तिसऱ्या चेंबरमधून निघालेल्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) कोरलेल्या रेषेची रुंदी सातत्याने थोडी जास्त भरते, मात्र दाब, वायूंचा प्रवाह आणि आरएफ पॉवर (प्लाझ्मा टिकवणारी रेडिओ-वारंवारतेची वीज) यांच्या सरासरी चारही चेंबरमध्ये सारख्याच आहेत. सेन्सरच्या सेकंदासेकंदाच्या नोंदी उपलब्ध आहेत. दोष नेमका कुठे शोधावा?

उत्तर १:
आधी मोजमापाची खात्री करून घ्यावी. तिसऱ्या चेंबरचे वेफर बहुतेक वेळा एकाच सीडी-सेमवर (रेषेची रुंदी मोजणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) मोजले जात असतील, तर फरक चेंबरचा की मोजणाऱ्या यंत्राचा, हे कोणतेही मॉडेल सांगू शकणार नाही. शक्य असल्यास एकाच लॉटचे (एकत्र प्रक्रिया झालेल्या गटाचे) 25 वेफर चारही चेंबरमध्ये विभागून चालवावेत, म्हणजे लिथोग्राफीतून (एचिंगआधी नक्षी छापण्यातून) आलेला फरक सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो.

उत्तर २:
दाबाची सरासरी सारखी दिसणारच, कारण ती सारखी ठेवणे हेच नियंत्रकाचे काम आहे. त्यासाठी त्याला किती धडपड करावी लागते, ते पाहावे: थ्रॉटल व्हॉल्व्ह (चेंबरमधून वायू बाहेर जाण्याची वाट कमी-जास्त करणारी झडप) किती उघडला आहे, आरएफ मॅचमधील (पॉवर परत न फिरता प्लाझ्मात जावी म्हणून जुळवून घेणाऱ्या मंडलातील) कपॅसिटर कोणत्या स्थानी स्थिरावतात, वेफर थंड ठेवण्यासाठी त्याखाली सोडलेल्या हेलियमचा दाब टिकवण्यासाठी किती प्रवाह लागतो. माझ्या अनुभवात एका चेंबरचा व्हॉल्व्ह इतरांपेक्षा सतत अधिक उघडा राहत असे. वायू बंद करून चेंबर पूर्ण रिकामे केले, तरी दाबमापक शून्यावर येईना; म्हणजे तो दाब वाढवून दाखवत होता आणि प्रत्यक्षातला दाब ठरवलेल्यापेक्षा कमी होता.

प्रश्नकर्ता:
सीडी-सेम बदलून पाहिले, फरक तसाच राहिला. व्हॉल्व्हची स्थितीही तपासली. तिसऱ्यात तो खरोखरच जास्त उघडलेला आहे. मग हे दाबमापकाचेच लक्षण मानावे का?

उत्तर २:
एवढ्यावरून मानू नये. फ्लो कंट्रोलर (प्रत्येक वायूचा प्रवाह मोजून सोडणारे उपकरण) दाखवतो त्यापेक्षा जास्त वायू सोडत असेल, तरीही व्हॉल्व्ह तसाच उघडेल. शून्य तपासल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून एकेक वायू सोडावा आणि दाब किती वेगाने चढतो, याची तुलना चारही चेंबरमध्ये करावी. एकाच वायूला वेग निराळा आला, तर संशय त्या वायूच्या कंट्रोलरवर जातो. सर्वच वायूंना निराळा आला, तर पुन्हा दाबमापकाकडे, त्याच्या कॅलिब्रेशनकडे वळावे लागेल.

उत्तर ३:
सर्व सेन्सरची सरसकट तुलना करणार असाल, तर एक सावधगिरी बाळगावी. 5 टक्के पातळीवर (फरक नसतानाही तो दिसण्याची शक्यता 5 टक्के धरून) 400 सांख्यिकीय चाचण्या केल्या, तर काहीही बिघडलेले नसताना सुमारे 20 चाचण्या फरक दाखवतील; त्यामुळे बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीने (अनेक चाचण्यांतील खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण आवरणाऱ्या) दुरुस्ती करावी. तसेच चेंबरच्या ओल्या सफाईनंतर किती वेफर झाले, त्या हिशेबाने नोंदी जुळवून घ्याव्यात, नाहीतर नुकतेच साफ केलेले चेंबर विनाकारण दोषी ठरेल.