प्रायश्चित्तकाळ की उपवासकाळ?

प्रश्न : आमच्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या स्थानिक समुदायाच्या) मराठी पत्रकात राखेच्या बुधवारपासून, म्हणजे भाविकांना राख लावली जाते त्या दिवसापासून, ईस्टरपर्यंतच्या काळाला कोणते नाव द्यावे, यावरून आमच्यात मतभेद आहेत. ज्येष्ठ मंडळी 'उपवासकाळ' म्हणतात, काहींना 'प्रायश्चित्तकाळ' योग्य वाटतो, तर तरुण सरळ 'लेंट' म्हणतात. पत्रक पुण्यातील ख्रिस्तेतर शेजाऱ्यांच्याही हाती जाते. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : लॅटिन उपासनेत या काळाचे नाव 'क्वाद्राजेसिमा', म्हणजे 'चाळिसावा', असे आहे, पोर्तुगीजमध्ये त्याचे 'क्वारेज्मा' झाले आणि गोवेकर कुटुंबांच्या कोंकणीतील 'कोरेज्म' तेथूनच आला. मूळ नावात उपवासही नाही आणि प्रायश्चित्तही नाही. आहे ती येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांची संख्या. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजल्यास ४६ दिवस भरतात, परंतु रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने परंपरेने त्या दिवशी उपवास करीत नाहीत आणि म्हणून सहा रविवार वगळून ४० हा आकडा जुळतो.

'उपवासकाळ' हा शब्द सोपा आहे, तरीही जेथे उपवास म्हटला की एकादशी, चतुर्थी आणि साबुदाण्याची खिचडी डोळ्यांपुढे येते, तेथे तो अपुरा पडतो. कॅथलिक शिस्तीनुसार उपवास सर्वांवर बंधनकारक असतो तो राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, या दोनच दिवशी, आणि तोही वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. त्या दिवशी एकदाच पूर्ण जेवण घ्यावे आणि अन्य दोन वेळा अगदी थोडे खावे, अशी रूढी आहे. आपल्याकडील 'एकभुक्त' हा शब्द तिच्या अधिक जवळचा आहे. मांस वर्ज्य करण्याचा नियम याहून निराळा असून तो १४ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो. श्रावण पाळणाऱ्या घरांना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दानधर्म आणि प्रार्थना यांच्याविषयी बोलतो आणि मगच उपवासाकडे वळतो. तिहींपैकी एकाचेच नाव संपूर्ण काळाला दिल्यास इतर दोन मागे पडतात, आणि त्यातही दानधर्म मागे पडावा हे मला खटकते.

'प्रायश्चित्त' या शब्दालाही जुना भार आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचाच आहे. धर्मशास्त्रात पातकाच्या स्वरूपाप्रमाणे नेमून दिलेले कर्म, असा त्याचा अर्थ होतो. राख लावताना उच्चारल्या जाणाऱ्या दोन वचनांपैकी एक मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील आहे : 'पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा.' तेथील मूळ ग्रीक शब्दात मन पालटण्याचा भाव आहे. चर्चच्या शिकवणीत देवाची कृपा आधी येते आणि माणसाचे प्रायश्चित्त हा तिला दिलेला प्रतिसाद असतो. प्रायश्चित्ताने क्षमा विकत घेता येत नाही. एवढा खुलासा पत्रकात एका वाक्यात करता येईल आणि तो केल्यास 'प्रायश्चित्तकाळ' हाच शब्द मला निःसंशय योग्य वाटतो.

पुरवणी प्रश्न : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, या काळाचा संबंध बाप्तिस्म्याशीही जोडला आहे ना? मग 'प्रायश्चित्त' तरी पुरेसे कसे?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात बाप्तिस्म्याचे स्मरण वा त्याची तयारी आणि प्रायश्चित्त, अशी या काळाची दोन अंगे सांगितली आहेत. म्हणूनच ईस्टरच्या जागरणविधीत प्रौढांना बाप्तिस्मा दिला जातो आणि उपस्थित भाविक आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करतात. दोन्ही अंगे सामावून घेणारा रूढ मराठी शब्द माझ्यासमोर नाही. नवा घडवण्यापेक्षा रूढ शब्द ठेवून मजकुरात बाप्तिस्म्याचा उल्लेख आवर्जून करावा. क्रियापदाचेही भान ठेवावे : प्रायश्चित्त 'घेतले' जाते, प्रायश्चित्तकाळ मात्र 'पाळला' जातो.