मदत हवी आहे: चीनमधल्या लठ्ठपणाचे आकडे जुळत नाहीत

प्रश्न: आर्थिक सुधारणांनंतर चीनमध्ये लठ्ठपणा कसा वाढला, यावर बारावीच्या मुलांसाठी टिपण करते आहे. १९८९ पासूनच्या चायना हेल्थ अँड न्यूट्रिशन सर्व्हेचे आकडे घेतलेत. एकाच वर्षाचं प्रमाण दोन लेखांत वेगळं येतं. असं का? आणि सुरुवात १९८७ च्या बीजिंगमधल्या पहिल्या केएफसीपासून करू का?

तराजू: आधी बीएमआयची (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) रेघ कुठे मारलीय ते बघा. जागतिक आरोग्य संघटना ३० ला लठ्ठ म्हणते, चीन २८ ला. १६५ सेंमी उंची, ७९ किलो वजन म्हणजे बीएमआय २९. तोच माणूस एका तक्त्यात लठ्ठ, दुसऱ्यात नाही. आपल्याकडची, भारतातली २५ ची रेघ तर तिथे लावूच नका.
अजून एक. २०११ मध्ये बीजिंग, शांघाय आणि चोंगचिंग पाहणीत आले. ही तीन शहरं न वगळता २००९ ला २०११ जोडलंत तर वाढ नेमकी कशाची, ते कळणार नाही.

कढई: केएफसीपासून नको, कळकळीने सांगतोय. घरातल्या तेलापासून सुरू करा. धान्य-तेलाची रेशनची कुपनं १९९३ पर्यंत गेली, तेल मुबलक झालं आणि रोजची भाजी जास्त तेलात परतली जाऊ लागली. शिवाय सायकल सुटली. १९८९ ते १९९७ मध्ये ज्या पुरुषांच्या घरी मोटारवाहन आलं, त्यांचं वजन इतरांपेक्षा १.८ किलो जास्त वाढलं.

प्रश्न: घरातलं तेल मोजतात कसं? मुलांकडून करून घेता येईल?

कढई: नक्की. सलग तीन दिवस. सुरुवातीला बरणी काट्यावर ठेवा, मध्ये आणलेलं तेल मिळवा, शेवटी उरलेलं आणि फेकलेलं वजा करा. समजा, चौघांच्या घरात ४२० ग्रॅम संपलं. चार माणसं गुणिले तीन दिवस, म्हणजे १२ ने भागलं की माणशी रोज ३५ ग्रॅम. चूक इथेच होते. दोघं दुपारी बाहेर जेवत असतील तर ३६ पैकी ३० जेवणंच घरची, म्हणजे माणशी दिवसाला तीन जेवणं धरून १० माणूस-दिवस. खरा आकडा ४२. चीनची शिफारस २५ ते ३० ग्रॅमची आहे. पाहुणे जेवले तर त्यांची जेवणंही मोजा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

तराजू: आणि काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. पळीच्या अंदाजावर जाऊ नका, प्रत्येक घरची पळी वेगळी.