स्वयंचलित संपादनानंतर परिच्छेदांची ओळख कशी टिकवावी?

प्रश्न (रत्नागिरी)
हापूस लागवडीच्या आमच्या मार्गदर्शिकेत परिच्छेदांची ओळख अनुक्रमांकावरून ठरते. परंतु मजकूर आपोआप संपादित करणाऱ्या प्रोग्रॅमने तुडतुड्यांविषयी एक परिच्छेद मध्येच घातला की पुढचे सारे क्रमांक सरकतात आणि बागायतदारांना पाठवलेले दुवे भलत्याच मजकुरावर उघडतात. त्याऐवजी ओळख म्हणून मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेले ठरावीक लांबीचे मूल्य, वापरावा का?

उत्तर (मालवण)
हॅश वापरू नये, कारण एसएचए-२५६ या प्रचलित हॅश पद्धतीत एक वेलांटी सुधारली तरी संपूर्ण मूल्य बदलते. परिच्छेद तयार होतानाच त्याला १२८ बिटांचा यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी सहसा न जुळणारा ओळख क्रमांक, द्यावा, तो मजकुरासोबत साठवावा आणि प्रोग्रॅमला सबंध दस्तऐवज नव्याने लिहू न देता, अमुक ओळखीचा परिच्छेद बदलणे, हलवणे, वगळणे किंवा त्यानंतर नवा घालणे, एवढ्याच क्रियांची मुभा ठेवावी. परिच्छेद दुभंगल्यास पहिल्या भागाकडे जुनी ओळख राहावी. दुसऱ्याला नवी देऊन मूळ कोणते याची नोंद करावी, जशी आपल्याकडे सर्व्हे क्रमांकाचे हिस्से पाडताना मूळ क्रमांकाची खूण राहते.

उत्तर (अलिबाग)
सहमत आहे. मात्र नक्कल करून चिकटवलेल्या परिच्छेदासोबत ओळखही दुप्पट होते, म्हणून जतन करताना तपासणी हवीच. वगळलेली ओळख पुन्हा कधीही वापरू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. जुन्या क्रमांकांना नव्या ओळखींशी जोडणारा तक्ता आजच करतो.