चर्चा: ५० वॅटचा अ‍ॅम्प अर्ध्यावर चालवण्यापेक्षा १५ वॅटचा पुरता उघडावा

चिरेबंदी (कुडाळ)

सरळ मुद्द्यावर येतो. घरात किंवा छोट्या कार्यक्रमात गिटार वाजवणाऱ्याने ५० किंवा १०० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) घेऊ नये. आणि "त्याला हाफ पॉवरचं बटण आहे की" म्हणून तर मुळीच घेऊ नये.

माझ्याकडे दोन ईएल३४ ट्यूबचा ५० वॅटचा हेड आहे, म्हणजे स्पीकर नसलेला अ‍ॅम्प. मागे पेंटोड/ट्रायोडचं बटण: पेंटोड म्हणजे पुरी पॉवर, ट्रायोड म्हणजे साधारण अर्धी. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे तिघे जमलो होतो. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, बाहेर धो धो पाऊस. पेंटोडवर व्हॉल्यूम तीनच्या पुढे नेला की माजघरातून आईची हाक यायची, म्हणून ट्रायोडवर टाकला. आवाज कमी झाला तो नावापुरता, पण वरची धार मात्र साफ गेली. कॉर्ड वाजवली की अंगावर गोधडी घेऊन आल्यासारखी ऐकू यायची. मग मित्राने त्याचा दोन ईएल८४ चा १५ वॅटचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) त्याच पाटावर ठेवला आणि व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेला. गिटार तीच, कॉर्डही तीच. हळू छेडली तर स्वच्छ, जोरात मारली तर कडेकडेने फाटणारी. पिक तसंच ठेवून नुसता मनगटाचा जोर बदलला तरी आवाज बदलत होता.

कारण साधं आहे. ५० चे २५ वॅट केले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे पॉवर दहावा हिस्सा. ५० चा "निम्मा आवाज" २५ नव्हे, ५ वॅट. वॅटचा आकडा आवाज किती मोठा हे फारसं सांगत नाही, आवाज कुठे फाटायला लागतो हे सांगतो. माझ्या अ‍ॅम्पची ती जागा माझ्या खोलीच्या बाहेर आहे, आणि बटण दाबून ती आत येत नाही.

ट्यूबच्या स्वभावाबद्दल माझं मत असं: ईएल८४ लवकर फाटते आणि वर खणखणते. ईएल३४ ही मधले सूर पुढे ढकलते. ६एल६ खाली भक्कम, वर स्वच्छ, आणि फाटायला वेळ लावते. ६व्ही६ तिचीच धाकटी बहीण, पण मऊ. आधी ट्यूब ठरवावी, मग आपल्या जागेप्रमाणे वॅट. बटणाच्या भरवशावर काही घेऊ नये.

बंदरपट्टी (मालवण)

माका ह्या पटूक नाय.

तुमचं सगळं गणित चार भिंतींच्या आतलं आहे. मी किनाऱ्यावर वाजवतो. लग्नाचे कार्यक्रम, हॉटेलांची अंगणं, कधी देवळासमोरचं पटांगण. उघड्यावर आवाज परतवायला भिंत नसते. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गेले. त्यात समुद्राची गाज आणि वारा. मागे ड्रमर असतो आणि तो हळू वाजवत नाही.

अशा ठिकाणी १५ वॅटच्या दोन ईएल८४ घेऊन मी एक हंगाम काढला आहे. क्लीन वाजवायचं गाणं आलं की पंचाईत. खालची जाड तार छेडली की अ‍ॅम्प दबायचा, आणि तिच्याबरोबर वरच्या तारांचे सूरही चिरके व्हायचे. उघडी खालची ई तार ८२ हर्ट्झची. खालच्या सुरांना ताकद लागते, आणि ती १५ वॅटमध्ये उरत नाही. आता चार ६एल६ चा ८५ वॅटचा कॉम्बो वापरतो. वजनाने पाठ मोडते, पण आवाज पहिल्या कॉर्डपासून शेवटच्यापर्यंत उभा राहतो. फाटलेला आवाज हवा असेल तेव्हा पायाखाली पेडल आहे.

हेडरूम, म्हणजे न फाटता मोठं वाजायची जागा, ही चैन नव्हे. ज्याला क्लीन आवाज हवा त्याच्यासाठी तोच टोन.

चिरेबंदी (कुडाळ)

स्टेजवर अ‍ॅम्पने लोकांपर्यंत पोचावं, ही अपेक्षाच मला मान्य नाही. समोर माइक लावा आणि आवाज पीएकडे (कार्यक्रमाच्या मोठ्या साउंड सिस्टिमकडे) द्या. मग १५ वॅट फक्त तुमच्या कानासाठी उरतात, आणि तेवढे पुरतात.

बंदरपट्टी (मालवण)

माइक माझ्या अ‍ॅम्पसमोरही असतो, भाऊ. पण माइकने फाटलेला आवाज क्लीन होत नाही. तो आहे तसाच मोठा होऊन जातो. आणि आपल्याकडच्या बहुतेक मंडपांत साउंडवाल्याकडे गाणाऱ्यासाठी दोन माइक, ढोलकीला एक, आणि गिटारला उरलासुरला. मॉनिटर मिळाला तर मिळाला. मला माझा आवाज माझ्या मागूनच ऐकायला लागतो.

सहा तारा (अलिबाग)

मला दोघांचंही एक गृहीतक खटकतंय. तुम्ही दोघे धरून चाललात की फाटलेला आवाज म्हणजे पॉवर ट्यूबचा आवाज. मी हेवी वाजवते. माझ्या आवाजातलं सगळं डिस्टॉर्शन प्रीअ‍ॅम्पमधल्या (अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यातल्या) १२एएक्स७ ट्यूबमध्ये तयार होतं, मास्टर व्हॉल्यूमच्या आधी. पॉवर ट्यूब तिथे जवळजवळ क्लीनच चालतात. मी सोसायटीत राहते, रात्री दहाच्या आत गिटार खाली ठेवावीच लागते. दिवसाही मास्टर दोनवर. माझ्या जागी ईएल३४ आहे की ६एल६, हे डोळे मिटून ओळखून दाखवा असं मी मनापासून म्हणेन.

आणि चिरेबंदीदादा, त्या दिवशी तुम्ही फक्त ट्यूब बदलली नव्हती. तुमचा हेड कोणत्या कॅबिनेटवर (स्पीकरच्या खोक्यावर) होता? मित्राच्या कॉम्बोत कोणता स्पीकर होता? एक स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ९७ डेसिबल देतो, दुसरा १०० देतो. हा फरक म्हणजे तुमचं अख्खं हाफ पॉवरचं बटण. कॉम्बोची पाठ उघडी, तुमच्या कॅबिनेटची बहुधा बंद. इतक्या गोष्टी एकदम बदलून श्रेय एकट्या ईएल८४ ला कसं देता?

अजून एक. आवाज लहान केला की कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून मांडलं होतं. ट्रायोडवर "धार गेली", त्यातला थोडा हिस्सा तुमच्या कानाचाही असेल.

चिरेबंदी (कुडाळ)

स्पीकरचा मुद्दा मानतो. माझं कॅबिनेट बंद पाठीचं, दोन बारा इंची. मित्राचा एकच बारा इंची, पाठ उघडी. तुलना चोख नव्हती.

कानाचा मुद्दा मात्र मानत नाही. ३ डेसिबलने कान इतका बदलत नाही. गोधडी अंगावर आली ती बटण दाबल्याबरोबर, त्याच क्षणी. आणि हेवी वाजवणाऱ्यांसाठी मी लिहिलंच नव्हतं. ज्याला गिटारच्या व्हॉल्यूमच्या नॉबवरून क्लीनपासून क्रंचपर्यंत (किंचित फाटलेल्या आवाजापर्यंत) जायचं आहे, त्याला पॉवर ट्यूब लागतातच.

जुना व्हॉल्व्ह (रत्नागिरी)

मी गिटार वाजवत नाही. चाळीस वर्षं व्हॉल्व्हचे (तुम्ही ट्यूब म्हणता तेच) रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले, आता मुलगा बघतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह आमच्या कपाटात असत तेव्हापासूनचा मी. तुमच्या पिढीची पोरं अ‍ॅम्प घेऊन येतात म्हणून चार गोष्टी लिहितो.

पहिली. व्हॉल्व्हला एकट्याचा असा आवाज नसतो. त्याच्याभोवतीच्या सर्किटचा असतो. तुम्ही ज्याला ईएल८४ चा खणखणाट म्हणता तो व्हॉक्स कंपनीच्या एसी३० अ‍ॅम्पवरून लोकांच्या डोक्यात बसला आहे. त्यात चार ईएल८४ आहेत, कॅथोड बायस (व्हॉल्व्हचा शांत असतानाचा करंट आपोआप ठरवणारी जोडणी) आहे आणि निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) नाही. फीडबॅक नसला की आवाज मोकळा सुटतो आणि क्लीनमधून हळूहळू फाटत जातो. फीडबॅक असला की बराच वेळ आवरून धरतो आणि मग एकदम सोडतो. हा फरक लोक व्हॉल्व्हच्या नावावर मांडतात.

उलट बाजूही सांगतो. १९६२ मध्ये मार्शल कंपनीने पहिला जेटीएम४५ अ‍ॅम्प केला तो फेंडर कंपनीच्या बासमन अ‍ॅम्पच्या सर्किटवरून, जवळजवळ जसाच्या तसा. सुरुवातीला व्हॉल्व्हही ५८८१, म्हणजे ६एल६ च्याच घरातले. तरी दोघांचा आवाज वेगळा. ट्रान्सफॉर्मर वेगळा, प्रीअ‍ॅम्पमध्ये पहिला व्हॉल्व्ह वेगळा. स्पीकर एकीकडे दहा इंची, उघड्या पाठीच्या खोक्यात, दुसरीकडे बारा इंची, बंद खोक्यात. मग पुढे केटी६६ आले आणि त्यानंतर ईएल३४. तेव्हा अलिबागच्या मुलीचं म्हणणं मी उचलून धरतो.

दुसरी गोष्ट, आणि ही कळकळीने सांगतो. ६एल६ काढून ईएल३४ खोचू नका. खोबणी तीच आहे म्हणून बसते. पण ६एल६जीसीचा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार) ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४ चा १.५. चार व्हॉल्व्ह असले तर ट्रान्सफॉर्मरवर २.४ अँपिअरचा जादा भार. तो त्यासाठी गुंडाळलेला नसेल तर आधी तापेल आणि मग जळेल. शिवाय ईएल३४ ची पहिली पिन आठव्या पिनेला जोडलेली लागते, आणि बायस पुन्हा लावावा लागतो. चारपैकी दोन काढून अर्धा करायचा असेल तर पुश-पुलच्या (दोन बाजूंनी आळीपाळीने काम करणाऱ्या जोडणीच्या) दोन्ही बाजूंचा एकेक काढायचा, आणि ८ ओहमचा स्पीकर ४ ओहम लिहिलेल्या सॉकेटमध्ये लावायचा. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प कधीच चालू करू नका. आणि पाठ उघडू नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट बसलेले असतात. आम्ही एक हात खिशात ठेवून काम शिकलो ते उगाच नाही.

तिसरी. कुडाळकर, तुम्ही ट्यूब, बटण, स्पीकर सगळं सांगितलंत. लाइन (विजेचा दाब) किती होती ते सांगितलं नाहीत. पावसाळ्यात, संध्याकाळी, गावात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अ‍ॅम्पच्या आतला पुरवठा बहुधा रेग्युलेटेड नसतो. बाहेर जे येतं त्याच प्रमाणात आत सगळं खाली बसतं. २३० चे २०७ झाले तर ६.३ व्होल्टचा हीटर ५.७ वर येतो, प्लेटचे (व्हॉल्व्हच्या मुख्य पुरवठ्याचे) ४६० असतील तर ४१४. पॉवर साधारण वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे ५० चे ४० झाले, आणि मग त्यातले अर्धे तुम्ही बटणाने काढलेत. हीटर थंड असला की आवाज मंद लागणारच. आधी मोजा, मग अ‍ॅम्पला नावं ठेवा.

बंदरपट्टी (मालवण)

काकांनी लाइनचं लिहिलं ते माझ्या स्टेजच्या अनुभवाशी जुळतं. जनरेटरवर अ‍ॅम्प वेगळाच वाजतो. मी इतकी वर्षं ते वाऱ्यावर ढकलत होतो.

पण काका, एक विचारतो. सर्किटच सगळं असेल तर माझ्या अ‍ॅम्पमध्ये जुन्या ६एल६ जाऊन नव्या आल्या तेव्हा आवाज का बदलला? सर्किट तेच, स्पीकर तोच.

जुना व्हॉल्व्ह (रत्नागिरी)

जुने झिजले होते म्हणून. व्हॉल्व्हचा कॅथोड वापराने थकतो, पॉवर हळूहळू उतरते. ती रोज थोडी उतरते म्हणून तुम्हाला कळत नाही, आणि नवे घातले की एकदम कळतं. दोन नव्या जोड्या एकाच बायसवर लावून ऐका. फरक उरेल, मी नाही म्हणत नाही. पण तुम्हाला वाटतो तेवढा नसेल.

सहा तारा (अलिबाग)

काका, अटेन्युएटरबद्दल सांगाल का? अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये लावून जादा पॉवर उष्णतेत घालवतात तो. ५० वॅटवाल्याने तो लावला तर ट्यूब पुऱ्या ताकदीने चालतील आणि आवाजही लहान राहील. मग नवा अ‍ॅम्प घ्यायलाच नको.

जुना व्हॉल्व्ह (रत्नागिरी)

चालेल. ओहम जुळवा आणि अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा मोठा घ्या. पण व्हॉल्व्ह त्या वेळी पुऱ्या ताकदीने झिजतात, आवाज लहान आहे म्हणून वाचत नाहीत. आणि स्पीकरचा पडदा फारसा हलत नाही, त्यामुळे स्पीकरचा जो आवाज असतो तो जातो.

चिरेबंदी (कुडाळ)

तीन दिवसांनी लिहितोय, कारण मोजून आलो.

अ‍ॅम्प उघडला नाही. फक्त भिंतीतल्या सॉकेटला मल्टिमीटर लावला. संध्याकाळी साडेसातला २०५ ते २०९ मध्ये खेळत होता. काकांनी अंदाजाने लिहिलेला आकडा जवळजवळ तंतोतंत निघाला. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून दोन अँपिअरचा डिमरस्टॅट (नॉब फिरवून व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आणला. आधी अ‍ॅम्प न जोडता मीटर बघत नॉब फिरवला, २३० आले तिथे पेन्सिलीने खूण केली, मग अ‍ॅम्प लावला आणि पुन्हा मोजलं.

पेंटोडवर पहिल्याच कॉर्डला लक्षात आलं. खालचे सूर घट्ट झाले आणि पिक लागल्याचा टक ऐकू आला. तो मी कधी ऐकलाच नव्हता. ट्रायोडवरही सुधारला. गोधडीची चादर झाली. पण चादर आहे, हे म्हणणं मी सोडत नाही. मित्राचा कॉम्बो माझ्या कॅबिनेटवर जोडूनही ऐकला, ओहम जुळवून. एकाच स्पीकरवर दोघांतला फरक मला वाटला होता त्याच्या निम्म्याहून कमी राहिला. तरी आमच्या खोलीत, आईची हाक न येता, बोटांच्या जोरावर फाटणारा आवाज त्या १५ वॅटमधूनच आला. माझ्या ५० मधून अजूनही आला नाही.

म्हणून पहिलं वाक्य कायम. ट्यूबच्या स्वभावांबद्दल जे ठासून लिहिलं होतं ते मागे घेतो.

बंदरपट्टी (मालवण)

पहिलं वाक्य "घरात किंवा छोट्या कार्यक्रमात" एवढ्यापुरतं असेल तर माझा वाद नाही. पटांगणात या, मग बोलू.

जुना व्हॉल्व्ह (रत्नागिरी)

चांगलं केलंत. आता रात्री अकरानंतरही मोजा. लोकांचे पंप आणि दिवे बंद झाले की लाइन चढते, आणि तुमची खूण तर संध्याकाळच्या २०७ वर लावलेली आहे.

चिरेबंदी (कुडाळ)

काल रात्री सव्वाअकराला सॉकेटवर २४८. त्याच खुणेवर डिमरस्टॅटमधून २७० च्या वर गेले असते. अ‍ॅम्प जोडलेला नव्हता. खूण पुसून टाकली. आता मीटर लावूनच ठेवतो, आणि रोज आकडा बघितल्याशिवाय अ‍ॅम्पचं बटण दाबत नाही.