एसवायला गळणारी मुलं कशी थांबवायची?

प्रश्न: माझ्याकडे दादरच्या कॉलेजात एसवायबीकॉमची (बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाची) मेंटॉर-यादी आहे, म्हणजे त्या मुलांकडे लक्ष द्यायची जबाबदारी माझी. केटी लागली, म्हणजे नापास झालेला विषय पुन्हा द्यायची वेळ आली, की मुलं येणंच सोडतात. नेमकं कधी हात घालायचा?

उत्तर १: हजेरी ७५ टक्क्यांखाली जायची वाट बघू नका, मॅडम. सलग दोन आठवडे गैरहजर आणि परीक्षेचा अर्ज न भरलेला, एवढं दिसलं की फोन करा. ग्रुपवर नोटीस टाकून भागत नाही; केटीवाला विद्यार्थी ग्रुप आधीच म्यूट करतो. नियमित अर्ज भरला की केटीचाही भरला असं अनेकांना वाटतं, तेवढं स्पष्ट विचारा.

उत्तर २: पैशाचंही बघा. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. मंजूर होऊनही रक्कम अडकली, तर बहुधा आधार सीडिंग नसतं. खात्याला आधार नुसतं जोडून चालत नाही, एनपीसीआयच्या (बँकांमधले पेमेंट व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या) मॅपिंगमध्ये, म्हणजे आधारवर पैसे कुठल्या खात्यात जायचे त्या नोंदीत, तेच खातं दिसायला हवं. बँकेत सीडिंगचा अर्ज द्यायचा.

उत्तर ३: कसारा-कर्जतहून सकाळी सातच्या लेक्चरला येऊन दुपारी नोकरी, हे फार काळ झेपत नाही. मूल कॉलेज सोडणारच असेल तर एबीसी (अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे शिकून मिळवलेले क्रेडिट ऑनलाइन साठवणाऱ्या) खात्यात क्रेडिट जमा झालेत का ते आधी तपासा. आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच घोळ होतो. जमा क्रेडिट साधारण सात वर्षं चालतात, पुढे दूरशिक्षणाचा पर्याय उरतो.