एक्स्प्लोडेड व्ह्यूमध्ये सब-असेंब्ली सुटी कशी करायची?

मंडळी, मदत हवी आहे. शिरोली एमआयडीसीत पंपाच्या स्पेअर पार्ट कॅटलॉगसाठी सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये एक्स्प्लोडेड व्ह्यू (सगळे पार्ट सुटे-सुटे दाखवणारं चित्र) करतोय. मालकांचं म्हणणं, खेड्यातल्या मिस्त्रीला नुसतं चित्र बघून सील बसवता आलं पाहिजे. रास्त आहे.

केसिंग, इम्पेलर, मेकॅनिकल सील शाफ्टच्या रेषेत छान सुटतात. घोडं अडलंय बेअरिंग हाउसिंगपाशी. सब-असेंब्ली (वेगळ्या फाइलमध्ये आधीच जोडलेला पार्टांचा गट) असल्यानं ते अख्खं एकगठ्ठा सरकतं. 'सिलेक्ट सब-असेंब्ली पार्ट्स' टिक केलं की पार्ट सुटतात खरे, पण मग एकेक हातानं ओढत बसा, आणि एवढंसं सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी रिंग) बेअरिंगच्या आड जातंच!

हाउसिंगच्या फाइलमध्येच आधी एक्स्प्लोड करून तोच मेन असेंब्लीत वापरावा का? पुढे डिझाइन बदललं तर कशात कमी डोकेदुखी?